स्वच्छ पाण्याचा शौकीन

ठाण्याच्या बाळकुममध्ये डासांचा विषय निघाला की सुरुवातीला सगळ्यांचं एकमत असतं: डास वाढलेत. गावठाण आणि टॉवर, मालक आणि भाडेकरू, कुणाचाही यावर मतभेद नाही. मतभेद सुरू होतो तो डास आले कुठून, यावर. टॉवरमधली माणसं बाल्कनीतून खाली पाड्याकडे बोट दाखवतात. पाड्यातली माणसं ओट्यावर बसल्याबसल्या टॉवरकडे हनुवटी उडवतात, 'हे उभे राहिले आणि मच्छर आले.' फार ताणायचं नसेल तर दोघांना मेट्रोचं खोदकाम आहेच. भिवंडीकडे निघालेल्या त्या खांबांवर कुणीही काहीही ढकलावं. आणि शेवटी सगळे मिळून खाडीवर येतात. खाडीला बाजू मांडता येत नाही. ती दिवसातून दोनदा भरते, दोनदा ओसरते आणि आरोप तिच्यावर कायम राहतो.

मलेरियापुरतं बोलायचं तर खाडी बरीचशी निर्दोष आहे. संध्याकाळी दिवेलागणीला कानाशी गुणगुण करत येते ती फौज बहुतेक क्युलेक्सची. गटार, तुंबलेला नाला, सेप्टिक टँक हे तिचं माहेर. तिच्यामुळे झोप उडते, चिडचिड होते, हत्तीरोगही होऊ शकतो, पण मलेरिया नाही. मलेरिया देणारा तो ॲनोफिलीस, आणि त्यातही आपल्या शहरांमधला मानकरी म्हणजे ॲनोफिलीस स्टीफेन्सी. हा गटाराकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला पाणी लागतं ते स्वच्छ आणि न हलणारं: गच्चीवरची टाकी, विहीर, हौद, पिंप, सोसायटीच्या दारातलं बंद पडलेलं कारंजं. ज्या पाण्यात आपण डाळ शिजत घालतो त्याच पाण्यात याची मादी अंडी घालते. आवडीनिवडीच्या बाबतीत तो आपल्यापेक्षा वरचढच म्हणायला हवा.

या डासाची कुळकथा मला फार आवडते. त्याची शास्त्रीय नोंद १९०१ साली झाली ती अचलपूरला, म्हणजे तेव्हाच्या एलिचपूरला. विल्यम ग्लेन लिस्टन नावाचे एक सरकारी डॉक्टर तिथे डासांच्या सवयी निरखत बसले होते. त्यांनी त्याला जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफेन्स या ब्रिटिश मलेरियातज्ज्ञाचं नाव दिलं. म्हणजे नाव विलायती आणि जन्मदाखला वऱ्हाडचा. पुढे असंख्य माणसं पोटापाण्यासाठी मुंबई-ठाण्यात आली, आणि इथे याचंही उत्तम जमलं. पोटाला आपलं रक्त, पाण्याला आपली टाकी. आता तर तो परदेशीही गेला आहे. २०१२ साली आफ्रिकेच्या शिंगावरच्या जिबुतीत तो सापडला, मग इथिओपियात, मग सुदानात. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः खेड्यापाड्यांचा. याने तो शहरांत न्यायचं मनावर घेतलं. आपल्याकडचा कुणी बाहेर जाऊन नाव काढतो तेव्हा आपण पेढे वाटतो. याच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सावधानतेचा इशारा काढला.

आमच्याकडे अधूनमधून महापालिकेच्या हिवताप विभागाचा माणूस येतो. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च आणि लांब दांड्याची पळी. बेल वाजली की आत एक लहानशी खळबळ उडते, कारण घरात परका माणूस आला तर तो दिवाणखान्यात बसतो अशी आपली समजूत. हा थेट मोरीकडे वळतो. शेजारच्या काकूंकडे तो गेला तेव्हा मीही मागोमाग गेलो. काकूंचं घर म्हणजे आरशासारखं. शुक्रवारच्या शटडाऊनसाठी भरून ठेवलेलं निळं पिंप, वर झाकण म्हणून स्टीलचं ताट, तेही एका बाजूला इंचभर फट ठेवून. त्याने ताट सरकवलं, पळी पाण्याच्या कडेने हलकेच बुडवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आधी काहीच दिसेना. मग दिसू लागल्या त्या बारीक, करड्या रेघा, पाण्याच्या पातळीला अगदी समांतर, आडव्या पडलेल्या. त्याने पळीवर हाताची सावली धरली तशा त्या झटका खाऊन मागे सरकल्या आणि तळाला गेल्या.

"आडवी पडते ती अळी मलेरियाची," तो म्हणाला. "डोकं खाली करून तिरकी लोंबते ती डेंग्यूची नाहीतर साध्या डासाची."

काकूंना रेघांपेक्षा आरोप लागला. "अहो, पण पाणी एकदम स्वच्छ आहे. पिण्याचं आहे."

"म्हणूनच तर, ताई."

या तीन शब्दांवर हिवतापाच्या प्रतिबंधाचं अर्धं शास्त्र उभं आहे, आणि ते आपल्याला पचत नाही याचं कारणही तेच. आपल्या डोक्यात रोग आणि घाण यांची लग्नगाठ पक्की बसलेली आहे. घाण नेहमी दुसऱ्याची असते, त्यामुळे रोगही दुसऱ्याकडून येतो. इथे मात्र डास आपल्या नीटनेटकेपणावर, साठवणुकीवर, 'उद्या पाणी येईल न येईल' या दूरदृष्टीवर पोसला जातो. शिवाय तो फार लांबून येतही नाही. त्याची रोजची झेप काही शे मीटरची. रात्री तुमच्या दंडावर बसलेली ॲनोफिलीसची मादी बहुधा तुमच्याच इमारतीत नाहीतर शेजारच्या इमारतीत जन्मलेली असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. आणि माझं मत विचाराल तर काकूंना बोल लावण्यात अर्थ नाही. नळाला बारा महिने भरवशाचं पाणी येऊ लागलं तर निम्मी पिंपं आपोआप भंगारात जातील. डासांचा प्रश्न पुष्कळसा पाणीपुरवठ्याचाच प्रश्न आहे, फक्त तो दुसऱ्या खात्याकडे जातो.

पिंप काढता येत नाही, तोवर हिशोब सोपा आहे. अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास या प्रवासाला आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायची, आतून घासायची, कोरडी करायची आणि मगच भरायची. कोरडा दिवस म्हणतात तो हाच. शिकवून उपयोग नसलेल्या माणसाला आपण पालथा घडा म्हणत आलो. डासांच्या दृष्टीने बघितलं तर घराघरात हवा आहे तो पालथा घडाच.

आपली स्वतःची शस्त्रं मात्र सगळी हवेतली. आता प्रत्येक घरात असते ती विजेची रॅकेट. आयुष्यात टेनिस न पाहिलेले गृहस्थ बनियनवर बॅकहँड मारतात आणि 'चट्ट' झालं की चेहऱ्यावर जे समाधान येतं ते बढतीनेही येत नाही. त्याआधीच्या पिढीची कॉइल, त्याच्याही आधी गोवरीचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. एका घरी मी पाहिलं, दिवाणखान्यात भरभराटीसाठी काचेच्या वाडग्यात पाणी घालून पितळी कासव ठेवलेलं, वाडग्यातल्या पाण्यात डेंग्यूवाल्या अळ्या डोकं खाली करून सुखाने लोंबताहेत, आणि शेजारच्या तिपाईवर त्यांच्या आईबापांसाठी कासव छाप जळतेय. एक कासव पैदास करतंय, दुसरं संहार.

पण खरा सोहळा म्हणजे धुराची गाडी. कपूरबावडीच्या बाजूने तिचा फटफटाट ऐकू आला की पोरं खाली धावतात आणि मोठी माणसं धडाधड खिडक्या लावून घेतात, कारण त्या वासाने घशात खवखवतं. म्हणजे बाहेर धूर, आत माणसं, आणि माणसांबरोबर आतले डासही सुरक्षित. जो थोडासा धूर लागतो तो त्या क्षणी उडणाऱ्या डासांना. टाकीतल्या अळीला तो पोचतच नाही. ती काही दिवसांनी पंख फुटून वर येते. बाळकुमला अग्निशमन केंद्र जवळ असल्याने आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं आमच्याकडे सहसा होत नाही. डासांपुरतं ते दर आठवड्याला होतं. साथ भडकली असेल तर उडते डास तातडीने कमी करायला धूर कामाचा, हे तज्ज्ञही मान्य करतात. एरवी त्याचा मुख्य फायदा म्हणजे तो दिसतो. धुराच्या पुढे उभं राहून भावी नगरसेवकांना फोटो काढता येतो. टाकीच्या झाकणाचं लोकार्पण कसं करणार?

टाकीवरून आठवलं. मुंबईत शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हाच वाद विहिरींवरून झाला होता, आणि माझ्या मते आपल्याकडच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातलं ते सगळ्यात गोड प्रकरण आहे. अलेक्झांड्रा गोदीचं बांधकाम चालू होतं, फोर्ट भागात मलेरिया मातला होता. चार्ल्स बेंटली नावाच्या डॉक्टरांनी चौकशी केली आणि १९११ साली अहवाल दिला. दोष दलदलीचा नाही, घरोघरच्या विहिरी, हौद आणि टाक्यांचा आहे. मग फर्मान सुटलं की विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका. लगेच पंचाईत उभी राहिली. पारशांना पूजेसाठी विहीर हवी, पुष्कळ हिंदूंना धर्मकार्याचं पाणी विहिरीचंच हवं, आणि झाकलेल्या विहिरीच्या पाण्याला सूर्यकिरण लागणार कसे? रोग खरा, श्रद्धाही खरी. शेवटी तोड निघाली ती झाकणात बारीक तारेच्या जाळीचं दार बसवायची. जाळीतून ऊन आत जाईल, पोहरा जाईल तेवढं दार उघडता येईल आणि डास बाहेर राहील. देव, सूर्य आणि म्युनिसिपालिटी या तिघांनाही मान्य झालेला दुसरा ठराव मला माहीत नाही.

डासाला जबाबदार धरलं गेलं तेच मुळी त्याच्या थोडं आधी. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. भर उन्हाळ्यातसुद्धा ते पंख्याशिवाय काम करत, कारण पंख्याच्या वाऱ्याने सूक्ष्मदर्शकाखालचे चिरलेले डास उडून जात. हुसेन खान नावाच्या रुग्णाला ते डास चावून घेण्याचे पैसे देत, दर डासाला एक आणा. त्या भावाने आज बाळकुमच्या रहिवाशांना मोबदला मिळाला असता तर मेंटेनन्सची थकबाकी कुणाचीच उरली नसती.

कोयनेल आधीपासून होतंच, पुढे डीडीटी आलं, फवारणीवाले खेड्यातल्या घरांच्या दारांवर तारीख लिहून जायचे. स्वातंत्र्याच्या सुमाराला देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. झालं, संपला मलेरिया असं सगळ्यांना वाटलं, हात सैल पडले, डासांनाही डीडीटी पचू लागलं. १९७६ साली आकडा ६४ लाखांवर. आता पुन्हा उतार आहे: २०१५ मध्ये ११ लाख ६९ हजार, २०२३ मध्ये सुमारे २ लाख २७ हजार, आणि २०३० पर्यंत मलेरियामुक्तीचं उद्दिष्ट. श्रीलंकेने ते २०१६ मध्येच गाठलं. आकडे पाहून छाती फुगते खरी, पण १९६५ सालीही ती फुगलीच होती.

आमच्या भागात सध्या जोर बांधकामांचा. नवा स्लॅब पडला की त्यावर सिमेंटची आळी बांधून पाणी सोडतात आणि ते दिवसचे दिवस ठेवतात. स्लॅबला क्युरिंग लागतं. खाली लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचं पाणी, कोपऱ्यात मजुरांची पिंपं. स्टीफेन्सीने स्वतः आर्किटेक्ट नेमला असता तरी यापेक्षा चांगली सोय झाली नसती. आणि त्या पाण्याच्या सगळ्यात जवळ झोपतो तो मजूर, पत्र्याच्या खोलीत, मच्छरदाणीशिवाय. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी गंभीरपणे म्हणतं, 'ही बाहेरची माणसं मलेरिया घेऊन येतात.' येत असेलही एखाद्याच्या रक्तातून. पण तो पसरवायला पाणी आपण भरून ठेवलेलं असतं, आणि ज्याच्या हातून आपली घरं उभी राहतात त्याला एक मच्छरदाणी आणि वेळेवर रक्ततपासणी मिळावी इतपत खर्च प्रति चौरस फूट दरात बसायला हरकत नसावी.

मच्छरदाणीचं गणित आपण उलटं धरतो. डास जन्मतः मलेरिया घेऊन येत नाही. त्याने आधी रुग्णाला चावावं लागतं. मग जंतू त्याच्या पोटात वाढून लाळेत पोचायला साधारण दहा दिवस किंवा अधिक लागतात. त्यानंतर तो दुसऱ्याला रोग देतो. म्हणून तापाचा माणूस जाळीत झोपवला तर मच्छरदाणी त्याला डासांपासून जेवढी वाचवते, त्याहून जास्त डासांना त्याच्यापासून वाचवते, आणि पर्यायाने आपल्याला.

औषधाचंही तसंच. थंडी वाजून ताप आला की पहिला निकाल घरातच लागतो, 'व्हायरल असेल', आणि पॅरासिटामॉलवर आठवडा निघतो. वास्तविक बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला की उत्तर मिळतं. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट. पण खरी गंमत पुढे. व्हायव्हॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून झोपतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उठतो. त्या झोपलेल्याला गाठण्यासाठी डॉक्टर प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या देतात (गरोदर बायकांना नाही, म्हणून मनाने घ्यायच्या नाहीत). रुग्णाचा ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो. पाचव्या दिवशी तो लोकलमध्ये असतो. गोळ्यांची पट्टी फ्रीजवर, वीजबिलाखाली, तीन गोळ्या फोडलेली. पुढच्या वेळी ताप आला की तोच माणूस शपथेवर सांगतो की आपल्या भागात डास फार वाढलेत.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीचा विषय निघाला. प्लंबर वर जाऊन आला होता. त्याचा अहवाल असा की टाकीच्या झाकणाला कुलूप आहे पण बिजागरी नाही. किल्ली सेक्रेटरींकडे आहे आणि झाकण बाजूला पडलेलं आहे. ओव्हरफ्लोचा पाइप उघडा आहे. वर जायच्या शिडीची खालची पायरी तुटलेली असल्याने महापालिकेचा माणूस वर गेलाच नव्हता. धुराच्या गाडीसाठी अर्ज करायला हात भराभर वर आले. शिडीच्या दुरुस्तीला मात्र तीन कोटेशनं लागतील असं खजिनदार म्हणाले.

"निदान ओव्हरफ्लोला जाळी तरी बांधा," मी म्हटलं.

"नायलॉनचं कापड गुंडाळलं तरी चालतंय," प्लंबर म्हणाला. "जुनी मच्छरदाणी असंल कुणाची तर."

सगळ्यांच्या नजरा काकूंकडे गेल्या. पिंपाच्या प्रसंगानंतर काकू या विषयातल्या जाणकार मानल्या जातात.

"माझी आहे, पण वापरातली आहे," काकू म्हणाल्या.

"पायाकडे फाटलीये म्हणालात ना मागे?" सेक्रेटरी म्हणाले.

"पायाकडे फाटलीये, आणि तुम्हाला तुकडा हवा तो धड. म्हणजे डोक्याकडचा तुकडा टाकीला, आणि मी उरलेल्या भोकात झोपू?" काकूंनी पदर सारखा केला. "सोसायटी नवी आणून देणार असेल तर अख्खी जुनी घेऊन जा. आणि डबल बेडची आणा. हे रात्री लोळतात."

खजिनदारांनी ते 'किरकोळ खर्च' या सदरात लिहून घेतलं. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक अजून मिळायचा आहे.